बाबासाहेबांनी ध्यान नाकारले होते काय?

"बाबासाहेबांनी ध्यान नाकारले, संघर्ष दिला," असे चळवळीत आम्ही नेहमी ऐकतो. दुसरीकडे दहा दिवसांचे शिबिर करून आलेला कार्यकर्ता मोर्चाला यायचे सोडतो आणि त्यालाच धम्म म्हणतो. या दोघांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' नीट वाचलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी तारखा पाहू. आज दिसतात ती विपश्यना शिबिरे गोएंकांनी ब्रह्मदेशातून येऊन १९६९ साली भारतात सुरू केली. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे. तेव्हा त्यांनी ही शिबिरे स्वीकारली किंवा नाकारली, हा वादच फोल आहे.

ग्रंथात काय आहे? सिद्धार्थ आळार कालामाकडे समाधी शिकतो, पण तिथे थांबत नाही. गयेला ध्यानाला बसताना तो चाळीस दिवस पुरेल एवढे अन्न सोबत घेतो. (उपासतापासाचे कौतुक करणाऱ्यांनी ही शिदोरी लक्षात ठेवावी.) तो बसला तो जगातल्या दुःखावर उपाय शोधायला.

पुढे सारनाथला पाच परिव्राजकांसमोर अष्टांगिक मार्ग सांगताना खरा मुद्दा येतो. नुसती समाधी लोभ, द्वेष, आळस, शंका आणि अनिश्चय यांना तेवढ्यापुरती थोपवते. माणूस उठला की ते परत हजर. मनाला कायमचे वळण लावते ती सम्यक समाधी. ती मनाला चांगल्याचाच विचार करण्याची सवय लावते. बाबासाहेब इथे 'सवय' म्हणतात, साक्षात्कार नव्हे!

१९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे, असे मांडले होते. ही अवस्था पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या सरावाने घट्ट झाली. ती फक्त सवर्णांच्याच मनात आहे असेही नाही. पोटजात विचारून सोयरीक जमवणारी आपली घरे आम्हाला ठाऊक आहेत. ते मन भाषणाने एका दिवसात बदलत नाही. सरावाने बसलेली सवय रोजच्या सरावानेच मोडावी लागते.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्गाचे पालन आहे, आणि त्याचे आठवे अंग सम्यक समाधी आहे. ध्यान म्हणजे पळवाट म्हणणाऱ्यांनी ही प्रतिज्ञा कशी पाळायची ते सांगावे. आणि शिबिरातून परतलेल्या मित्रांसाठी बाबासाहेबांचाच प्रश्न आहे, त्यांनी तो भिक्खूंना उद्देशून विचारला होता: भिक्खू स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायला आहे, की समाजसेवक व्हायला?