मुठा घाट, दुधाच्या किटल्या आणि माउंटन बाइक

माउंटन बाइकच्या इतिहासात मुठा गावाचं नाव कुठेही येत नाही. यायचं कारणही नाही म्हणा, कारण ती इथे जन्मली नाही. पण तिची खरी गरज ज्यांना होती अशा माणसांची यादी कोणी काढली, तर मुठा खोऱ्यातली माणसं त्यात बरीच वर असतील असं माझं ठाम मत आहे. आणि ती त्यांना मिळाली नाही. मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, तुम्हाआम्हाला, शनिवार-रविवारी घाम गाळायला.

मुठा कुठे आहे हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चांदणी चौकातून भूगाव, भुकूम, पिरंगुट, तिथून डावीकडे वळून उरवडे, मग घाट चढून पलीकडे उतरलं की मुठा. पुण्यातून वाहते ती मुठा नदी याच खोऱ्यातून येते. पुढे टेमघर धरण आणि त्याच्याही पुढे लवासाचा चढ. पुण्यातले सायकलवाले लवासाला जातात ते बहुतेक याच रस्त्याने, आणि मुठ्यात थांबतात ते फक्त चहापुरते.

अशाच एका टपरीवर एका आजोबांनी माझ्या सायकलभोवती एक फेरी मारली, टायर दाबून पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला पडली?" मी आकडा जरा कमी करूनच सांगितला. त्यावर ते काही बोलले नाहीत. मग मागच्या दातांच्या चकत्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "एवढ्या कशाला लागत्यात? आमच्याला एकच होती." तरुणपणी ते सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून पिरंगुटपर्यंत जायचे. "घाट चढवायची कशी मग?" मी विचारलं. "चढवायची काय? हातात धरून. चढताना बी आन् उतरताना बी."

चढताना हातात धरून, हे समजण्यासारखं आहे. उतरतानासुद्धा? या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलो आणि माउंटन बाइकचा सगळा इतिहास त्यात सापडला.

आधी चढ घेऊ. आपली जुनी बावीस इंची किंवा चोवीस इंची सायकल (हे माप फ्रेमचं, चाकाचं नव्हे. चाक 28 इंचीच) म्हणजे इंग्लंडमधल्या 'रोडस्टर'ची नक्कल. भारतात ती तीन-चार ठिकाणी प्रचंड संख्येने बनली. मद्रासची टीआय सायकल्स 1949 ची, सोनीपतची अ‍ॅटलस 1951 ची, लुधियानाची हिरो 1956 ची. सायकल उत्तम होती यात वाद नाही. मजबूत, दुरुस्तीला सोपी, वाटेल तेवढं ओझं वाहणारी. पण तिला गिअर एकच. पुढच्या चक्राला साधारण 44 दात, मागे 18. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे जवळपास अडीच फेरे, आणि सायकल पुढे जाते सुमारे 5.5 मीटर.

आता इंजिनिअरिंगची डिग्री कुठेतरी वापरू द्या. माणूस 55 किलोचा धरू, सायकल 20 किलोची, दूध आणि किटल्या मिळून 45. एकूण 120 किलो. चढ 8 टक्क्यांचा धरू, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. एवढं वजन वर ढकलायला सुमारे 94 न्यूटन बल लागतं. एका फेऱ्यात 5.5 मीटर जायचं, तर काम होतं साधारण 517 ज्यूल. पायडल तेवढ्यात फिरतं जेमतेम 1.07 मीटर. भागाकार केला की पायावर सरासरी 48-49 किलोचा जोर येतो, तोही सतत, पूर्ण फेरीभर. 55 किलोचा माणूस पायडलवर उभा राहिला तरी सरासरी जोर मिळतो 35 किलोच्या आसपास, कारण पायडल सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली असताना वजनाचा काही उपयोग होत नाही. हँडल ओढून थोडी भर घालता येईल, पण घाटभर नाही. थोडक्यात, तो चढ त्या सायकलवर चढणं जवळजवळ अशक्य होतं. आजोबांच्या मांड्यांचा यात काही दोष नव्हता. :)

हेच गणित माउंटन बाइकला लावू. तीन चकत्यांच्या जुन्या पद्धतीच्या बाइकला पुढची सगळ्यात लहान चकती 22 दातांची, मागची सगळ्यात मोठी 32 ची, चाक 26 इंची. एका फेऱ्यात सायकल जाते फक्त 1.42 मीटर. जोर येतो 13 किलोच्या आत. वेळ लागेल, पण दूध सायकलवरूनच चढेल.

बरं, गिअर ही काही नवी गोष्ट नव्हती. इंग्लंडमध्ये स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आला होता. टूर द फ्रान्समध्ये 1937 सालापासून डिरेलरला परवानगी मिळाली. आपल्याकडेही मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, आणि तो काही दूधवाल्याच्या सायकलवर चढत नाही. पण शर्यतीचे गिअर वेगासाठी असतात, ओझ्यासाठी नसतात. ओझं, खराब रस्ता आणि तीव्र चढ या तिन्हींचा एकत्र विचार करून कोणी सायकल बनवायला घेतली नव्हती.

ती बनली कॅलिफोर्नियात आणि तीही उलट्या दिशेने, म्हणजे उतरण्यासाठी. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं भंगारात निघालेल्या जुन्या श्विन सायकली घेऊन कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली यायची. या सायकली तीस-चाळीसच्या दशकातल्या, 26 इंची चाकाच्या आणि जाडजूड फुगीर टायरच्या. ब्रेक एकच, पायडल उलटं फिरवलं की मागच्या हबमध्ये लागणारा. वर जाताना त्या ट्रकमध्ये घालून न्यायच्या, नाहीतर ढकलायच्या. (ढकलायच्या! मुठ्यात आणि मरीनमध्ये इथपर्यंत काहीच फरक नाही.)

21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी एका उतारावर घड्याळ लावून शर्यत घेतली. उतार साधारण साडेतीन किलोमीटरचा आणि तेवढ्यात जवळपास 400 मीटर खाली. शर्यतीचं नाव 'रीपॅक'. का, तर तळाला पोचेपर्यंत तो एकुलता एक हब-ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा. पुढच्या फेरीआधी हब उघडून पुन्हा ग्रीस भरायला लागायचं. म्हणजे जगातल्या पहिल्या प्रसिद्ध माउंटन बाइक शर्यतीचं नाव पुणेरी मराठीत सांगायचं तर 'ओव्हरऑइलिंग'!

याच्या थोडं आधी, डिसेंबर 1974 मध्ये, मरीनमधल्या एका सायक्लोक्रॉस शर्यतीला क्युपर्टिनोहून तिघं आले होते (होय, तेच पुढे अ‍ॅपलचं झालेलं क्युपर्टिनो). त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना डिरेलर गिअर बसवलेले होते. मरीनवाल्यांनी ते पाहिलं. गॅरी फिशरने स्वतःच्या जुन्या श्विनला गिअर आणि चांगले ब्रेक लावले, आणि आता डोंगर सायकलवरून चढताही यायला लागला. पुढचा इतिहास पटपट सरकतो. 1977 मध्ये जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवली. 1979 पासून टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. 1981 मध्ये स्पेशलाइज्डची जपानमध्ये बनवलेली स्टंपजंपर आली आणि ही सायकल कारखान्यातून निघायला लागली. पुढचा शॉकअप, ज्याच्याकडे दुकानात आपली नजर सगळ्यात आधी जाते, तो रॉकशॉक्सने बाजारात आणला 1989 साली. म्हणजे पहिली दहा-बारा वर्षं माउंटन बाइक शॉकअपशिवायच माउंटन बाइक होती. हे साल जरा लक्षात ठेवा, खाली लागणार आहे.

आता आजोबांच्या उतरण्याकडे येऊ. आपल्या रोडस्टरचे ब्रेक दांड्यांचे. ब्रेक दाबला की दांडी वर ओढली जाते आणि रबराचे गुटके रिमच्या आतल्या अंगाला घासतात. रिम लोखंडी, वर क्रोमची चकाकी. कोरड्यात हे ठीक चालतं. पण क्रोम ओलं झालं की त्यावर रबर धरतच नाही, नुसतं घसरतं. आणि मुठा खोऱ्यात पावसाळा म्हणजे पावसाळा, उगाच भातखाचरं नाहीत तिथे. मागे 45 किलो दूध, पुढे वळण, आणि ब्रेक लागला तर लागला. आजोबा उतरताना सायकल हातात धरायचे ते भित्रेपणाने नव्हे. ब्रेकचं गणित त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मग त्यांना ही सायकल का मिळाली नाही? एक तर आयातीवर निर्बंध, आणि स्पर्धा नसलेल्या कारखान्यांना साचा बदलायची घाई नव्हती. हिरोचं नाव 1986 मध्ये जगातला सगळ्यात मोठा सायकल उत्पादक म्हणून गिनीजमध्ये गेलं, ते मुख्यतः त्याच काळ्या सायकलीच्या जोरावर. दुसरं कारण मात्र आपल्या घरचंच आहे. 1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. 50 सीसीचं इंजिन, आणि गंमत म्हणजे तिला पायडलही होती! मला विचाराल तर मुठा घाटाला मिळालेलं पहिलं उत्तर हेच. 1985 मध्ये हिरो होंडाची सीडी 100 आली आणि प्रश्नच मिटला. हिरो सायकल काढणाऱ्या मुंजाल कुटुंबाचाच त्यात वाटा होता. दूध मोटरसायकलवर गेलं आणि सायकलीत सुधारणा मागणारं गिऱ्हाईक कायमचं निघून गेलं.

म्हणून जेव्हा नव्वदच्या दशकात आपल्याकडे 'एमटीबी' हे अक्षर आलं, तेव्हा ते शाळकरी पोरांसाठी आलं. रेंजर आठवतेय? सरळ हँडल, जाड टायर, भडक रंग, आणि बऱ्याचदा गिअर एकच. म्हणजे मरीनवाल्यांनी ज्या दोन गोष्टींसाठी जिवाचा आटापिटा केला, गिअर आणि ब्रेक, त्या वगळून बाकी सगळं आपण घेतलं. गिअरवाली खरी माउंटन बाइक सहज मिळायला लागली 2005 नंतर. त्या वर्षी फायरफॉक्स सुरू झाली आणि तिच्यामार्फत ट्रेकही आली. (ती फायरफॉक्सही 2015 मध्ये हिरोनेच घेतली.) तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. ते हिंजवडीत बसायचं.

मंडळी, आता नव्या सायकलच्या विचारात असाल तर या इतिहासाचा थेट उपयोग आहे. दुकानदार आधी गिअरची संख्या सांगेल, 21, 24, 27. संख्येला काडीची किंमत नाही. दात मोजा. पुढची सगळ्यात लहान चकती भागिले मागची सगळ्यात मोठी. स्वस्तातल्या बऱ्याच 21 गिअरवाल्यांत हे 28 भागिले 28 निघतं, म्हणजे 1. फेऱ्याला 2 मीटरच्या थोडं वर, वर सांगितलेल्या 1.42 च्या जवळपास दीडपट जड. हल्लीच्या पुढे एकच चकती असलेल्या 12 गिअरच्या बाइकचं गणित करून पाहा. 32 भागिले 51, चाक 29 इंची, उत्तर येतं 1.44 मीटर. चाळीसेक वर्षं गेली, चकत्या गेल्या-आल्या, पण डोंगर चढायचा आकडा तिथल्या तिथेच आहे.

शॉकअप? आपला रस्ता बहुतांश डांबरी. स्वस्त शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलो लोखंड, जे चढताना दर पायडलला खाली-वर डुलून तुमचा जोर खातं. त्याच पैशात बिनशॉकअपची, पण चांगल्या ब्रेकची सायकल मिळत असेल तर डोळे मिटून घ्या. मित्रमंडळी हसतील, हसू द्या. मागेपुढे दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त सायकल दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला. टायर मात्र बदलाच. खोल नक्षीचे टायर डांबरावर भुणभुण करत वेग खातात, दोन इंची पण गुळगुळीत टायर घाटात जास्त कामाचे.

आणि घेतल्यावर सांभाळायचं काय, तर पुन्हा तेच दोन भाग. रिम-ब्रेक असतील तर पावसातून आल्यावर गुटक्यांत रुतलेली वाळू टोकदार सुईने काढा, नाहीतर ती रिमच खरवडून टाकते. डिस्क असतील तर चेनला तेल देताना एक थेंबही डिस्कवर उडू देऊ नका. उडालं तर पॅड बहुधा फेकावेच लागतात. ते स्प्रेचे डबे म्हणूनच मला आवडत नाहीत. पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की घाटात जायचं नाही, एवढा साधा नियम.

चेनचं सोपं आहे. अ‍ॅटलसची असो वा बारा गिअरची, चेनच्या एका पिनेपासून दुसरीपर्यंतचं अंतर अर्धा इंचच. म्हणजे 24 कड्या बरोबर 12 इंच. महिन्यातून एकदा पट्टी लावा. 12 इंचांच्या वर एक सूत, नव्हे अर्धं सूत, म्हणजे 1/16 इंच गेलं की चेन बदला. पूर्ण सूत होईपर्यंत थांबलात तर मागच्या चकत्याही गेल्या, आणि त्यांचा खर्च चेनच्या कितीतरी पट. पट्टी कंपासपेटीतली नको, स्टीलची घ्या. कंपासपेटीतल्या पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो.