पलंगपोसापुढे उभे राहा

चपला नीट अडकवा, खालची माती तापली आहे. तुम्ही पश्चिम आफ्रिकेत आहात, बामाको शहरात. साल 1950च्या आसपासचं, शनिवारची भर दुपार. स्टेशन जवळच आहे. डाकारकडून गाडी आली असावी, कारण डोक्यावर गाठोडी आणि पाठीशी पोरं बांधलेली माणसं तुमच्या अंगावरूनच निघाली आहेत. तांबडी धूळ दातांत करकरते. कुठूनतरी धुरी दिलेल्या मासळीचा वास येतो, पुढच्या बाईने अंगाला शिया लोणी चोपडलंय त्याचाही.

तुम्ही उभे आहात ती रांग सेदू केइता या फोटोग्राफरच्या स्टुडिओची. हलू नका, जागा जाईल.

रांगेत सगळे नटून आलेत. खळ लावलेले झगे प्रत्येक हालचालीला कडकड वाजतात. बायका एकमेकींच्या डोक्याचे फेटे सारखे करून देतात, कानातलं पुढे ओढतात. कुणी ओळखीचं भेटलं की आई, बाप, मुलंबाळं, घरदार सगळ्यांची विचारपूस सुरू होते आणि तोवर रांग खोळंबते. चिडू नका. इथे ख्यालीखुशाली अशीच विचारतात.

आत शिरलात की भिंतीवर नमुन्याचे फोटो टांगलेले दिसतील. बोट ठेवा: असा हवा. मग सामान निवडा. रेडिओ आहे, घड्याळ आहे, प्लॅस्टिकची फुलं आहेत, खिशाला लावायला पेन आहे. विलायती सूट हवा? तोही मिळेल, टायसकट. कॉलर मानेला ओलसर लागेल, कारण मघाच्या गिऱ्हाइकाने आत्ताच उतरवलाय. या उन्हात कोट चढवला की पाठीवरून घामाचा ओघळ सुटणारच. पुसू नका, फोटोत पाठ येत नाही.

आता अंगणात चला. भिंतीवर केइताने आपला स्वतःचा झालरीचा पलंगपोस टांगलाय, वेलबुट्टीने गच्च भरलेला. पडदा म्हणून घरात मिळालं ते लावलं. दोन-तीन वर्षांनी तो बदलेल, मग पुन्हा बदलेल, आणि पुढे मागच्या कापडावरूनच केइताला कुठला फोटो कधीचा ते ओळखता येईल. तुमच्या आधीची बाई ठिपक्याठिपक्यांच्या झग्यात तिथे बसली आहे. बघा, नक्षीवर नक्षी आली. झगा कुठे संपतो आणि पडदा कुठे सुरू होतो ते कळेना. सगळ्या गजबजाटातून फक्त तिचा चेहरा आणि दोन हात वर येतात. केइता याला योगायोग म्हणायचा. मला ते पटत नाही. योगायोगाचा हात इतका सारखा बसत नाही.

तुमची पाळी आली. हा माणूस मुळात सुतार, खुर्च्या-पलंग करणाऱ्या घरातला. 1935मध्ये काकाने सेनेगलहून छोटा कोडॅक आणून दिला आणि पोराला नाद लागला. शाळेचं तोंड पाहिलं नाही. छपाई-धुलाई शिकला ती शहरातल्या जाणत्या फोटोग्राफरांकडून. पण सांधा जुळवायची नजर गेलेली नाही. तो तुमच्याकडे बघतो, काही न बोलता हनुवटीला दोन बोटं लावतो आणि मान किंचित वळवतो. खांदा तिरका करतो. समोरून सरळ उभा राहिलेला माणूस त्याला आवडत नाही. मग तुमचा हात उचलून गुडघ्यावर ठेवतो, बोटं एकेक करून सुटी करतो, अंगठी दिसेल अशी. इथे प्रत्येकाला आपण आहोत त्याहून थोडं बरं दिसायचं असतं, आणि केइता त्या इच्छेला मान देतो. त्याच्या शैलीचं मर्म मला इथेच दिसतं. इतरत्र बाहेरून आलेले लोक आफ्रिकी माणसाचे फोटो नमुना म्हणून काढत होते. इथे तुम्ही गिऱ्हाईक आहात. पैसे तुमचे, ऐट तुमची.

तो काळ्या कापडाखाली जातो. कॅमेरा मोठा आहे, निगेटिव्ह 13 बाय 18 सेंटिमीटरचं आणि महाग. म्हणून फोटो एकच. दुसरी संधी नाही. अंगणाबाहेर सायकलची घंटी वाजते, पोरं ओरडतात, नाकावर माशी बसते. बसू द्या. श्वास धरा.

खट्.

झालं. तुमच्या प्रिंटमागे त्याच्या नावाचा शिक्का बसेल, निगेटिव्ह खोक्यात जपून ठेवलं जाईल. 1991मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात याच अंगणातले फोटो 'अज्ञात छायाचित्रकार' म्हणून टांगतील. तीन वर्षांत पॅरिसच्या भिंतींवर त्याचं नाव लागेल, तेव्हा तो सत्तरीच्या पुढे गेलेला असेल.

पण ते फार पुढचं. आत्ता आधी कोट उतरवा. मागचा माणूस हात पुढे करून उभा आहे, एक बाही त्याने ओढलीसुद्धा, आणि बायकोला तो मोठ्याने विचारतोय की पेन डाव्या खिशाला लावू की उजव्या.