चोपडीतला अंगठा

माझ्या आज्याचं लग्न आधी शेटच्या चोपडीत लागलं, मांडवात नंतर. नवरीचं देज, भात, ताडी, लग्न लावणाऱ्या धवलेरीचा मान, एवढ्या खर्चासाठी शेटकडून, म्हणजे सावकार-जमीनदाराकडून, पैसे उचलायचे आणि अंगठा द्यायचा. त्या दिवसापासून नवरा-नवरी दोघंही शेटची. डहाणू-तलासरीच्या जंगलपट्टीत अशा जोडप्यांना लग्नगडी म्हणत. कर्ज फिटेपर्यंत राबायचं असा बोल होता. पण राबण्याचं मोल चोपडीत कधी मांडलं जात नसे, व्याज तेवढं चढत जाई. "अंगठा दिला का माणूस दिला," आजा म्हणे.

आजी जास्त सांगे. पावसाळ्यात आधी शेटची आवणी, तीही आपलेच बैल जुंपून. ती संपेपर्यंत आपल्या राबावरचं रोप पिवळं पडलेलं असे. पावसाळा सरला की गवत कापायचं. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत याच रानांतून जाई. आजी गवताच्या पेंढीआड मूल निजवून विळा चालवायची. संध्याकाळी हातात पडे ते मूठभर धान्य, तेही शेटची मर्जी असेल तर. एका गोष्टीवर मात्र ती अडखळे. बायकांना रात्री शेटच्या घरी पाणी भरायला बोलावत, एवढं सांगून ती उठून जाई. पुढचं मला मोठं झाल्यावर कळलं, आणि ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचा हट्ट मी कधी केला नाही, याचं मला समाधान आहे.

हे सगळं सरकारला ठाऊक होतं. सक्तीच्या मजुरीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार जिनिव्हात १९३० सालीच झालेला होता. मुंबई सरकारनं नेमलेले सिमिंग्टन नावाचे सनदी अधिकारी आदिवासी भागात हिंडले. १९३९ साली त्यांचा अहवाल छापून आला आणि ठाणे जिल्ह्यातल्या लग्नगड्यांची स्थिती त्यात नोंदली गेली. आमच्या पाड्यावर त्यानं काहीच हललं नाही.

हललं ते १९४५ साली. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं, तिथं इकडचे थोडे वारली गेले आणि गोदूताईंना, म्हणजे गोदावरी परुळेकरांना, आपल्या भागात यायचं आमंत्रण देऊन आले. २३ मे रोजी तलासरीजवळच्या झरीला हजारो माणसं जमली. आमच्याकडून निघालेली माणसं रात्रीची चालत गेली, दिवसा चाललं तर शेटची माणसं अडवतील म्हणून. आजा तेव्हा तरणा होता. तिथं ठरलेल्या गोष्टी त्याला म्हातारपणीही पाठ होत्या: वेठ करायची नाही, बारा आणे रोख हातात पडल्याशिवाय शेटच्या शेतात पाय ठेवायचा नाही, कुणावर हात पडला तर सगळ्यांनी धावून जायचं. पुढच्या काही आठवड्यांत माणसं गावोगाव गेली आणि लग्नगडी सोडवले. मग पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी आली, संप झाला, आणि १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे तिथं पडले. हा काळ गोदूताईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

मी शाळेत असताना आज्याला विचारलं होतं, "तू सुटलास, त्याचा कागद कुठाय?" तो बराच वेळ गप्प राहिला. सुटल्याचा कागद कुणालाच मिळाला नव्हता. बांधल्याचा मात्र शेटच्या पेटीत होता. पुढं कितीतरी वर्षं, देश स्वतंत्र झाल्यावरही, बाजारात शेटचा माणूस दिसला की आजा वाट बदलायचा. उद्या त्यानं चोपडी उघडून अंगठा दाखवला तर आपण काय दाखवणार, ही धास्ती.

संविधानाच्या कलम २३ नं वेठबिगार बेकायदा ठरवली. पण आज्याच्या धास्तीला थेट उत्तर देणारा कायदा यायला १९७६ साल उजाडलं. वेठबिगार निर्मूलनाच्या या कायद्यानं, त्याआधीच्या वटहुकमाच्या अंमलापासून, म्हणजे २५ ऑक्टोबर १९७५ पासून, असली सगळी कर्जं रद्द केली. सोडवलेल्या माणसाच्या नावे मुक्तीचा दाखला निघू लागला. या कायद्यातलं पंधरावं कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. हे वेठीचं कर्ज आहे असं मजूर म्हणाला, तर ते तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. कागद दाखवायची पाळी शेटवर आली. हे कलम वाचलं तेव्हा आजा हयात नव्हता.

आज चारोटी नाक्यावरून मुंबई-अहमदाबाद महामार्गाची वाहनं अखंड धावतात. दिवाळी झाली की याच नाक्यावर गोधड्या, भांडी, कोंबड्या आणि पोरं घेऊन कुटुंबं टेम्पोची वाट बघत बसतात. वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायचं असतं. बयाणा भादव्यातच घेतलेला असतो. घरातलं धान्य सरलेलं, गणपती तोंडावर, आणि मुकादम नोटा घेऊन दारात. त्याच्या डायरीत रक्कम लिहिली जाते, मजुराकडं चिठोरंही राहत नाही. भट्टीवर आठवड्याला खर्ची मिळते. चैत्रात विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तेव्हा मालक सोडेल ती माणसं येऊन दर्शन घेऊन जातात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळदा अंगावर पैसे उरतात. ते फेडायला पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी.

याच घरांत रोजगार हमीचं जॉब कार्ड असतं. ते मिळण्यामागं मोठा इतिहास आहे. विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी आली, १९७२ च्या दुष्काळात तिनं माणसं जगवली, १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क म्हणून आधी इथं लिहिला गेला, २००५ साली देशानं तो उचलला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं त्या कायद्याच्या जागी नवा केला, हमीच्या शंभर दिवसांचे सव्वाशे झाले आणि पेरणी-कापणीच्या हंगामात काही काळ कामं थांबवायची मुभाही आली.

माझ्या आज्याला असं कार्ड मिळालं असतं तर त्यानं ते देवापाशी ठेवलं असतं. पण नुसत्या कार्डावर चूल पेटत नाही. खरा कागद आहे तो काम मागायच्या अर्जाची, नमुना चारची, पोच. काम मागितल्याची तारीख तिच्यावर पडली, तर पंधरा दिवसांत काम नाही तर बेकारी भत्ता, अशी २००५ च्या कायद्याची तरतूद. तारखेशिवायच्या पोचेवर भत्त्याचा दावा उभाच राहत नाही. आमच्या पाड्यावरच्या बायकांना हे आता पक्कं कळलंय. तारीख घातल्याशिवाय त्या पंचायतीच्या पायरीवरून उठत नाहीत.

अडचण हंगामाची आहे. रोजगार हमीची कामं निघतात ती बहुतेक उन्हाळ्यात, आणि गरज असते भादव्याच्या तोंडावर, बयाण्याच्या आधी. काम उन्हाळ्यात निघतं तेव्हा निम्मा पाडा भट्टीवर असतो. त्या दिवसांत करण्याजोगी कामं नाहीत असं नाही. रोपवाटिका आहे, फळझाडांची लागवड आहे, फुटलेले बांध आहेत. शिवाय आमचा भाग अनुसूचित क्षेत्र, त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्यानं सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला आहे.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही आग्रह धरतो: ही कामं भादव्याआधी काढा, मजुरी गणपतीआधी खात्यात जमा करा, आणि ज्या घरानं बयाणा घेतला त्याची रक्कम, भट्टीचा पत्ता आणि मजुरीचा दर ग्रामसभेच्या वहीत चढवून तिथं मुकादमाची सही घ्या.