बाबाच्या मातीले

6 डिसेंबर 1956, गुरुवार. दिवस मावळलाय आणि तुम्ही नांदुऱ्याच्या फलाटावर उभे आहात. आधीच सांगून ठेवतो, हायवेवरचा 105 फुटी मारुती शोधू नका. तो उभा राहायला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत. खिशात मोबाइल चाचपडू नका, तिथे फक्त आणे आहेत. वेचणीचे दिवस आहेत, त्यामुळे हवेत कपाशीचा आणि कोळशाच्या धुराचा वास मिसळलाय. फलाट माणसांनी भरलाय आणि बहुतेकांच्या अंगावर पांढरे कपडे आहेत.

आज सकाळी दिल्लीत, अलीपूर रोडवरच्या 26 नंबरच्या बंगल्यात, बाबासाहेब झोपेतच गेल्याचं कळलं. बातमी रेडिओवर आली. पण गावात रेडिओ मोजके, म्हणून ती बाजारातून पायी चालत वस्तीत पोचली, आणि ज्यानं ती आणली त्यालाच लोकांनी आधी शिव्या घातल्या. मग बाया ओट्यावर येऊन ऊर बडवायला लागल्या. अंत्यविधी मुंबईत होणार, एवढं कळलं. तेवढ्यावर लोक निघालेत. मुंबई सव्वातीनशे मैल. पोचेस्तोवर उरकलं असेल तर? हा प्रश्न कोणी विचारत नाही. बाप गेला की निघायचं असतं.

तुमच्या शेजारी एक म्हातारी बोचक्यावर बसलीय. सोबत मुलगा आणि आठ-नऊ वर्षांचा नातू. सून घरी; दोन महिन्यांचं लेकरू घेऊन ती एवढ्या गर्दीत येणार कशी? तिनं दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिलीय. म्हातारी तुम्हाला निरखते.

"कोन्या गावचे बाप्पा तुमी?"

"इथलाच, नांदुऱ्याचा."

"कोनाचे?"

इथे तुमची पंचाईत. तुमचं घर ज्या जागेवर आहे तिथं आज पऱ्हाटी उभी आहे. तुम्ही काहीतरी पुटपुटता. तीही जास्त ताणत नाही. आजच्या दिवशी कोण कोणाचा, हे मोजायची तिची तयारी नाही. "जय भीम" म्हणून ती बोचकं थोडं सरकवते आणि तुम्हाला जागा करून देते.

गाडी येते ती आधीच भरून. नागपूर, वर्धा, अकोला, सगळीकडची माणसं आत आहेत. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात खिडकीतून पोरगं आत ढकललं जातं, मागून बोचकं, मग म्हातारी. तिकीट कोण बघणार? दारात लोंबकळणाऱ्यांना हात देऊन आत ओढणं हेच आज काम.

गाडी सुटल्यावर म्हातारीच्या लुगड्याची गोष्ट कळते. ते नवंकोरं, पांढरं. मुलानं ऑक्टोबरात आणलेलं, नागपूरला नेसून जायला. 14 ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दिली; या, पण पांढरे कपडे घालून या, असं सांगणं होतं. मुलगा गेला. म्हातारी राहिली, कारण सुनेचे दिवस भरले होते आणि सुईणीला बोलवायला घरात दुसरं कोणी नव्हतं. लुगडं घडी न मोडता पेटीत गेलं. मुलगा बावीस प्रतिज्ञा घेऊन घरी आला आणि पहिल्याच संध्याकाळी देव्हाऱ्याला हात घालायला निघाला.

"म्या म्हनलं, दीक्षा तुनं घेतली. म्या कुठी घेतली? माये देव राहू दे."

मुलगा खिडकीबाहेर बघतो. हा वाद दोन महिने चाललेला दिसतोय. मग तोडगा निघाला होता: 16 डिसेंबरला मुंबईत बाबासाहेब पुन्हा दीक्षा देणार आहेत, तेव्हा मायला न्यायचं. गाडीभाड्याचे पैसे त्यासाठीच बाजूला काढलेले. तेच आता मोडले.

तुम्हाला इतिहास ठाऊक असेल, पण हे ध्यानात आलं होतं का? ऑक्टोबरात मुलगा पूर्वेकडं गेला तेव्हा नांदुरा मध्य प्रदेशात होतं आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. 1 नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. आता हे कुटुंब पश्चिमेकडं चाललंय, पुन्हा आपल्या राजधानीकडंच. डब्यात याची कोणाला फिकीर नाही.

नातवाला मात्र रडूही येत नाही आणि हसू तर दाबताच येत नाही. पहिल्यांदा आगगाडी, पहिल्यांदा मुंबई. मलकापूर गेलं, भुसावळ गेलं, तरी तो जागाच. "मुंबईत समुद्र हाय ना?" असं त्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बाप खेकसला, "मातीले चाललो आपून, जत्रेले नाही." पोरगं गप्प झालं. म्हातारीनं हळूच दशमीचा तुकडा त्याच्या हातात दिला. भजनं चालू आहेत, मध्येच कोणीतरी हुंदका देतो आणि सगळा डबा थांबतो.

रात्रभर कोळशाची भुकटी आत येते. पांढऱ्या लुगड्यावर काळे ठिपके पडतात. सून असती तर ओल्या फडक्यानं पुसायला गेली असती. म्हातारी पुसत नाही, फुंकर मारून एकेक कण उडवते. पाणी लागलं की डाग पसरतो, हे तिला माहीत आहे. पदर सरळ करते, पुन्हा फुंकते. भुसावळ ते नाशिक एवढंच चाललेलं असतं. इगतपुरीला वाफेचं इंजिन सुटतं आणि विजेचं लागतं; 1930 पासून घाटातली गाडी विजेवर चालते. धूर थांबतो. म्हातारी हात झटकून म्हणते, "बरं झालं," आणि कसाऱ्याच्या बोगद्यांत नातवाच्या बरोबरीनं खिडकीला नाक लावून बसते. जत्रेले नाही हे खरं. पण डोळे काय मिटून घ्यायचे?

बोरीबंदरला उतरून तुम्ही दादरची ट्राम धरता. दादरला जिथं ट्रामचा मार्ग संपतो, तिथून राजगृह जवळच. पुस्तकं ठेवायला म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत हे घर बांधलं. पार्थिव पहाटेच विमानानं सांताक्रूझला उतरलं आणि तिथून इथं आणलं. उशीर झालेला नाही. हे कळल्यावर मुलगा रस्त्यातच खाली बसतो आणि रात्रभर न रडलेला माणूस आता रडतो. म्हातारी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहते. आजूबाजूचे लोक वळसा घालून पुढं जातात.

दर्शनाच्या रांगेचं वर्णन करत नाही. अशा रांगेत पुढच्याची पाठ तेवढी दिसते.

दुपारी फुलांनी सजवलेला ट्रक निघतो. तुम्ही ज्याला आंबेडकर रोड म्हणता तो आज व्हिन्सेंट रोड आहे. पोयबावडी, परळ, एल्फिन्स्टनचा पूल, मग गोखले रोड. दादरहून दादरलाच जायचं, पण गिरणगावाला वळसा घालून. भोंगा झाला तरी कामगार खात्यात शिरलेले नाहीत. ते रस्त्यावर, गॅलऱ्यांत, झाडांवर आहेत. मिरवणुकीची लांबी मैलांत मोजावी लागेल. इतकी माणसं आणि घोषणा थांबल्या की फक्त पायांचा आवाज. चाळीतल्या बाया हंड्यांतून पाणी देतात. जात न विचारता ओंजळीत पाणी ओतलं जातं, आणि म्हातारी दोनदा पिते. दुसऱ्यांदा तहान नसताना, असा मला संशय आहे.

दादरच्या चौपाटीवर पोचेतो अंधार पडलाय. ज्या जागेवर तुम्ही चैत्यभूमीचा स्तूप पाहिलाय तिथं आज नुसती वाळू आणि चंदनाची चिता. स्तूपाचं उद्घाटन 1971 साली होईल. मग दरवर्षी रेल्वेला विदर्भातून जादा गाड्या सोडाव्या लागतील. आज मात्र नातू बापाच्या खांद्यावर आहे आणि चितेकडं पाठ करून भलतीकडंच बघतोय.

"बाबा, याची पल्याडची थडी कुठी हाय?"

त्यानं ज्ञानगंगा पाहिलीय, पूर्णा पाहिलीय. पाण्याला दुसरा काठ असतोच. बाप आता खेकसत नाही. "नाही दिसत इथून," एवढंच म्हणतो.

अग्नी देण्याआधी भदंत आनंद कौसल्यायन उभे राहतात. 16 तारखेला बाबासाहेबांच्या हातून ज्यांना दीक्षा घ्यायची होती, त्यांनी ती आज त्यांच्या पार्थिवाच्या साक्षीनं घ्यावी. लाखभर माणसं हात जोडून उठतात. म्हातारी उभीच होती. ती पदर डोक्यावरून सारखा करते आणि ठिपक्यांचा भाग आत दुमडून घेते. तिसरण आणि पंचशील ती मोठ्यानं म्हणते. पाली शब्द तिच्या तोंडात वऱ्हाडी होतात. मुलाला दुरुस्त करायचंय, तो तोंड उघडतो आणि तुम्ही त्याच्या दंडाला हलकेच हात लावता. एवढाच काय तो तुमचा इतिहासात हस्तक्षेप.

साडेसातच्या सुमारास बाबासाहेबांचे पुत्र यशवंतराव अग्नी देतात.

परतीच्या गाडीत दाराजवळ जागा मिळते. नातू झोपलाय, त्याच्या चड्डीच्या खिशातून वाळू सांडतेय. मुलगा चूप. कल्याण मागं पडल्यावर म्हातारीच बोलते.

"घरी गेलं का ते देव नेऊन सोड ज्ञानगंगेत."

मुलगा तिच्याकडं बघतच राहतो. थोड्या वेळानं चाचरत म्हणतो, "खंडोबाचा टाक चांदीचा हाय माय. सोनाराले..."

"नाही. सोडाचं तं सारं सोड."

"बरं."

"टोपल्यात ने. अन टोपलं वापस आनजो. नवं हाय."