एनिॲक यंत्र आणि सहा गणक स्त्रिया

अपरिचित संगणकावर आज्ञावली बसवितांना आज मनुष्य अडला, तर मार्गदर्शक पुस्तिका हाताशीं असते. १९४५ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं ज्या सहा तरुणींवर हें काम पडलें, त्यांच्यापुढें पुस्तिका तर नव्हतीच. आरंभीं यंत्राचें दर्शनहि नव्हतें.

तेथील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमध्यें सैन्यासाठीं ‘एनिॲक’ हें विद्युत्-गणकयंत्र तयार होत होतें. तोफेच्या गोळ्यांच्या मार्गांचे तक्ते तोंपर्यंत स्त्रिया हातयंत्रांवर करीत. एकेका मार्गास ३०-४० तास लागत. (या स्त्रियांनाच त्या काळीं ‘कॉम्प्यूटर’ म्हणत. यंत्रानें पुढें त्यांचें कामच नव्हे, तर नांवहि घेतलें!) त्यांच्यांतूनच कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास व रूथ लिक्टरमन यांची निवड झाली.

यंत्र गुप्त, म्हणून त्याच्या दालनांत प्रवेश नाहीं. हातीं आले ते केवळ जोडणीचे नकाशे. यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या आणि ४० फलक होते. त्यांत आज्ञा सांठविण्याची सोय नव्हती. प्रत्येक नव्या गणितासाठीं तारा उपसून दुसरीकडे खोवाव्या लागत आणि असंख्य खटके फिरवावे लागत. आज्ञावली रचणें व ती बसविणें हीं दोन्हीं कामें त्यांच्याच माथीं आलीं. बेरीज करून ती राखून ठेवणारे २० घटक त्या यंत्रांत होते. एक कळला कीं वीसहि कळले. पण तो एकच कळेना! जेनिंग्ज व स्नायडर त्यावर डोकें खपवीत असतां यंत्राचा एक निर्माता जॉन मॉकली सहज त्या खोलींत डोकावला. दोघींनीं त्यालाच गांठून शंका फेडून घेतल्या.

१५ फेब्रुवारी १९४६ रोजीं जाहीर प्रयोग ठरला. आदल्या रात्रीं पाहावें तों गोळा जमिनीवर आदळला तरी गणित थांबेना; कागदावर तो भूमींत घुसतच राही. स्नायडर घरीं जाऊन निजली आणि सकाळीं येऊन तिनें एकच खटका एका घरानें सरकविला. दोष गेला. ज्या गोळ्यास पडावयाला ३० सेकंद लागत, त्याचा मार्ग यंत्रानें २० सेकंदांत काढून दाखविला.

त्या रात्रीं मेजवानी झाली. तिचें आमंत्रण या सहाजणींस नव्हतें. १९९७ सालीं ‘विमेन इन टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल’ संस्थेनें आपल्या सन्मानयादींत सहाहि नांवें घातलीं. तेव्हां रूथ लिक्टरमनला जाऊन अकरा वर्षें झालीं होतीं.