क्षयरोग व आनुवंशिक प्रवणता

क्षयजंतूंचा संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींनाच पुढे क्षयरोग होतो. या फरकाचे एक कारण प्रतिरक्षा यंत्रणेच्या जनुकांतील भिन्नता हे होय.

१७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकणारे चिमाजी अप्पा १७४० मध्ये क्षयाने वारले, असे मानले जाते. त्यांचे थोरले बंधू पहिले बाजीराव यांचे नातू, पेशवे माधवराव, १७७२ मध्ये थेऊर येथे राजयक्ष्म्याने निधन पावले. अशा उदाहरणांवरून क्षय कुळातून येतो, अशी समजूत रूढ होती व सोयरीक जुळविताना कुळाला दोष लागे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयजंतू शोधून काढला आणि एका घरातील माणसांना संसर्गही एकत्रच होतो, हे स्पष्ट झाले.

तथापि १९४३ मध्ये न्यूयॉर्क येथील अभ्यासात दोघांनाही क्षय होण्याचे प्रमाण एकयुग्मजी जुळ्यांत द्वियुग्मजी जुळ्यांपेक्षा अधिक आढळले. गॅमा-इंटरफेरॉन हे प्रथिन महाभक्षी कोशिकांना जंतुनाशास उद्युक्त करते. त्याच्या ग्राहीचे जनुक सदोष असलेल्या मुलांना बीसीजी लशीतील दुर्बल जंतूही घातक ठरतात, असे १९९६ मध्ये दिसून आले. भारतीय रुग्णांत एचएलए-डीआर२ या ऊतक-प्रकाराचा फुप्फुसाच्या क्षयाशी संबंध आढळला आहे.

असे तीव्र दोष विरळा असतात. सामान्य जनुकभेदांचा परिणाम अल्प असतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही संसर्ग व दाटीची वस्ती ही कारणे अधिक प्रभावी ठरतात. वारशाने येते ती प्रवणता, रोग नव्हे. म्हणून कुळाला दोष देणे निराधार आहे.