कोकणच्या सागरी रस्त्यावर स्केचिंग: चित्र नेमकं सुचतं कुठे?

कोकणात गाडी घेऊन निघालेल्या माणसाची यादी बहुतेक ठरलेली असते. काशीद, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर, गणपतीपुळे, मालवण. बॅगेत स्केचबुक असलेले लोकही हीच यादी घेऊन निघतात, आणि टेकडीवरच्या व्ह्यू पॉइंटला वही उघडली की पुष्कळदा काहीच सुचत नाही. खाली पाणी, वर आकाश, मधे एक आडवी रेघ. मोबाईलमध्ये झकास दिसणारं हे दृश्य कागदावर आलं की दोन पट्टे उरतात.

मग कोकणातली जी स्केचेस बघताना आपलं बोट स्क्रोल करायचं थांबतं, त्यांत असतं काय? एकदा नीट बघा. वाळूत कललेली होडी, सुकत टाकलेली जाळी, धक्क्याच्या पायऱ्या, जांभ्याचा गडगा, फेरीबोटीची वाट बघणारी माणसं. म्हणजे गाडी जिथे हौसेने नाही, तर नाइलाजाने थांबते अशा जागा.

आणि रेवस ते रेड्डी या सागरी मार्गावर नाइलाजाने थांबावं लागेल अशा जागांना तोटा नाही. रायगडच्या टोकापासून सिंधुदुर्गच्या टोकापर्यंत साधारण ५०० किलोमीटरचा हा रस्ता आखण्याची कल्पना बॅ. ए. आर. अंतुले यांची. पण कोकणचा किनारा सलग नाही, दर थोड्या अंतरावर एखादी खाडी रस्ता कापते. त्यामुळे आगरदांडा ते दिघी, वेशवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड ही अंतरं गाडीसकट फेरीबोटीने ओलांडायची किंवा मोठा वळसा घालायचा. बोट नुकतीच सुटलेली असेल तर धक्क्यावर अर्धा-पाऊण तास आयताच मिळतो.

स्केचिंगसाठी याहून चांगली वेळ नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एक तर वेळेला मर्यादा आहे, त्यामुळे चित्र 'पूर्ण' करण्याचा हट्ट सुटतो. दुसरं, समोरचं दृश्य सतत हलतं. पलीकडून बोट निघते, ठिपक्याची खेळण्याएवढी होते, मग तिचा उतरता फाळका धक्क्याला टेकतो आणि आधी दुचाक्या, मग गाड्या बाहेर पडतात. एका पानावर चार चौकटी आखा आणि प्रत्येकीला पाच मिनिटं द्या. चारांतली तीन फसतात. चौथी ठेवण्यासारखी निघते.

होडी काढताना बहुतेकांची गाडी अडते ती तिच्या बाकावर. यावर जुनी युक्ती अशी: इंग्रजी आठचा आकडा आडवा, लांबट काढा आणि एका बाजूचं वेटोळं जरा मोठं ठेवा. वरच्या काठाची वळणं त्यातून सापडतात. दुसरी गोष्ट क्षितिजाची. ते नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. वाळूत बसलात तर ते खाली येतं आणि होड्यांच्या डोलकाठ्या आकाशात घुसतात. किल्ल्याच्या बुरुजावर चढलात तर तेही तुमच्याबरोबर वर येतं आणि होड्या पाण्यावर सांडल्यासारख्या दिसतात. चित्र रटाळ वाटत असेल तर विषय बदलण्याआधी बसायची जागा बदलून बघा.

तिथी बघून निघा

किनाऱ्यावरचं दृश्य घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर ठरतं. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. काल सकाळी तरंगणारी होडी आठवड्याने त्याच वेळी चिखलात रुतलेली दिसेल.

यासाठी ॲप आहेतच, पण पंचांगावरून काढायचा हिशोब सोपा आहे. त्या दिवसाच्या तिथीला पाऊणने गुणायचं, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली तर सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हा हिशोब मुंबई आणि उत्तर कोकणाला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. फरकही सारखा नसतो. उधाणाला मुंबईकडे पाणी पाचेक मीटरपर्यंत चढ-उतार करतं, गोव्याकडे जाताना तो फरक निम्म्यावर येतो. म्हणून रायगडच्या खाड्यांत चार तासांत चित्र ओळखू येणार नाही इतकं बदलतं, तर मालवणला तेवढी घाई नसते.

होडीचा पूर्ण आकार समजून घ्यायचा असेल तर ओहोटी गाठा. पाण्यात असताना तिचा निम्मा भाग दिसतच नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत तर होड्या ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या असतात, तळासकट. मात्र त्या दिवसांत कागद कोरडा राहणं कठीण. दमट हवेत जलरंगाचा हात सुकायला फार वेळ लागतो, त्यामुळे पेन्सिल आणि पाण्याने न पसरणारी शाई बरी.

उजेडाचं गणित सोपं आहे आणि तरी बहुतेक लोक ते उलटं करतात. हा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि होड्यांचे रंग, त्यावरची नावं, निशाणं लख्ख दिसतात. संध्याकाळी सूर्य समोर असतो, रंग विझतात आणि फक्त आकार उरतात. म्हणजे रंगकामाला सकाळ, नुसत्या शाईच्या कामाला संध्याकाळ. हर्णैच्या बंदरावरचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव शाईत का खुलतो, याचं कारण हेच. मागे सुवर्णदुर्ग, पुढे माणसांच्या काळ्या आकृती, मधे चकाकणारं पाणी.

पॅलेटही रस्त्याबरोबर बदलतं. उत्तरेला काळा बसाल्ट आणि करडी वाळू. रत्नागिरीकडे जांभ्याचे सडे सुरू होतात. ताजा कापलेला जांभा विटकरी असतो आणि पावसाळे खाऊन काळवंडतो. सिंधुदुर्गात वाळू उजळ होते. खुद्द रत्नागिरी शहरात एकाला काळा समुद्र आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, तेही वाळूच्या रंगावरून.

फोटो काढून घरी चित्र काढलं तर?

काढता येतं, पण काहीतरी निसटतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे लोकांनी पूर्ण फोटो काढले त्या त्यांना नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. उलट कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या २०१६ मधल्या प्रयोगांत, लिहून काढलेल्या शब्दांपेक्षा चित्र काढलेले शब्द लोकांच्या जास्त लक्षात राहिले. चित्र चांगलं आलं की वाईट, याने विशेष फरक पडला नाही.

एडवर्ड लिअर या इंग्रज चित्रकाराने कॅमेऱ्याविना यावर उपाय शोधला होता. नोव्हेंबर १८७३ मध्ये तो मुंबईत उतरला आणि जानेवारी १८७५ पर्यंत भारतभर फिरला. जागेवर भरभर पेन्सिलने काढायचं, त्यावरच तारीख, ठिकाण, वेळ आणि कुठे कोणता रंग दिसतो ते लिहायचं, आणि शाई व रंग मागाहून चढवायचे, ही त्याची पद्धत. त्यामुळे वेळ संपली म्हणून चित्र वाया जात नाही. फेरीबोटीचा भोंगा वाजला की 'पाणी राखाडी-हिरवं, फाळका गंजलेला' एवढं लिहून वही मिटता येते.

हा प्रवास रेवसपासून सुरू करणार असाल तर तासाभरातच एक थांबा आहे, जो बहुतेक गाड्या चुकवतात. सासवणे. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचं हे गाव. लहानपणी त्यांनी गावातल्या मंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पोचला. पुढे पुण्यातला शिवरायांचा भव्य अश्वारूढ पुतळा त्यांनी केला. पण सासवण्याच्या त्यांच्या घरातल्या संग्रहालयात थांबून बघावीत ती घरगुती शिल्पं: कोळीण, गावातली माणसं, आणि हात लावून बघावासा वाटेल इतकी खरी म्हैस. समुद्राच्या इतक्या जवळ राहून या माणसाने म्हशीकडे किती वेळ बघितलं असेल, हे तिथे कळतं. तिथून पुढे अलिबागपलीकडचं नागाव हे चित्रकार प्रभाकर बरवे यांचं जन्मगाव. त्यांच्या चित्रांत घड्याळ, पान, शिंपला, पीस अशा क्षुल्लक वस्तू येतात आणि त्यामागे वर्षानुवर्षं भरलेल्या डायऱ्या आहेत.

बंदरावर काढताना मासळीच्या टोपल्यांच्या वाटेत बसू नका आणि जवळून चेहरा काढायचा असेल तर आधी विचारा. कॅमेरा रोखला की तोंड फिरवणारी माणसं वही दिसली की बहुधा जवळ येतात. आणि होडी चुकली असेल तर सांगतातही. नाळ एवढी बसकी नसते, सुकाणू इथे नसतं. सांगतील ते शब्द समासात लिहून घ्या.

कारण यातलं पुष्कळसं जाणार आहे. लाकडी होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. रेवस-कारंजा, आगरदांडा-दिघी, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत, काहींची कामं सुरू झाली आहेत. रात्री-अपरात्री पेशंट घेऊन पलीकडे जावं लागणाऱ्या गावांना ते हवेच आहेत, त्यात चित्रकाराने नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण पूल झाले की तवसाळच्या धक्क्यावर कोणी अर्धा तास थांबणार नाही. तोवर जाणार असाल तर पानावर तारीख टाका, बोटीचं नाव लिहा आणि त्या वेळी भरती होती की ओहोटी, तेही.